थांबवायचं बटण

नागपुरात त्या काळी दारावर विजेची घंटा असलेले बंगले किती होते, हे म्युनिसिपालटीला ठाऊक नसेल, पण आमच्या घंटीवाल्यांना ठाऊक होतं. सिव्हिल लाइन्सकडे काही कामानं गेले की परतताना ते दोन-चार फाटकं उघडून आत शिरत, व्हरांड्यात जात आणि डोळे मिटून बटण दाबत. आतून चपराशी येई.

"कोण पाहिजे?"

"कोणी नाही. बटण पाहून राहिलो होतो. तुमचं बटण मेलं आहे."

"मेलं कसं? वाजलं न आत्ता."

"वाजते. पण बोटाले काहीच समजत नाही."

बहुतेक चपराशी त्यांना वेडा समजून हाकलून देत. एकानं मात्र दंडाला धरून थेट ठाण्यावर नेलं. तिथं फौजदाराच्या टेबलावर शिपायाला बोलवायचं बटण होतं, आणि फौजदार ते अंगठ्यानं रेटून रेटून घामाघूम झाला होता. घंटीवाल्यांनी गुन्हा कबूल करायच्या आधी ते बटण मागून घेतलं, कोटाच्या खिशातला छोटा पेचकस काढला आणि दहा मिनिटांत त्याची आतली पट्टी सरळ करून दिली. मग फौजदारानं त्यांना चहा पाजला. चपराशाला मात्र बाहेर उभं राहावं लागलं, याचं त्यांना पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत होतं.

मी टाइपरायटर दुरुस्त करणारा माणूस. सीताबर्डीवर एका गाळ्यात अर्धी जागा माझी आणि अर्धी त्यांची, असे आम्ही अकरा वर्षं राहिलो. मध्ये भिंत नव्हती, खडूची रेघ होती, आणि ती रेघ दर आठवड्याला माझ्या बाजूला सरकत असे. माझ्या स्प्रिंगा गायब होत आणि त्यांच्या बटणांत सापडत. विचारलं तर म्हणत, "तुह्या मशीनमध्ये ती नुसती अक्षरं उचलून राहिली होती. इथं कामाले लागली." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी भांडत असे. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्याच डब्यातली भाकर खात असे.

ते पन्नाशीचे, काटकुळे, डोक्यावर काळी टोपी, धोतरावर चामड्याचा एप्रन. घंटा बसवणं हा त्यांचा धंदा, पण घंटेशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा सगळा जीव बटणात. "घंटा काय, कोणीही वाजवते," म्हणत. "बोटाशी खोटं बोलू नये, हे कठीण आहे." त्यांचं म्हणणं असं की दाबणाऱ्याला घंटा ऐकू येवो न येवो, ती दूरच्या खोलीत असो, पण वीज जोडली गेली त्या क्षणी बोटाला ते कळलं पाहिजे. आधी थोडी मोकळी चाल, मग किंचित अडकाव, मग आतल्या पट्टीनं झटकन जागा सोडणं, आणि बोट उचललं की बटणानं लगेच परत येणं. यातलं एक जरी कमी पडलं तरी ते बटण मेलेलं.

गिऱ्हाईक आलं की त्याला आधी सहा बटणं डोळे मिटून दाबायला लावत. मग आवडेल ते. एकदा एक नामांकित वकील आले आणि प्रत्येक बटण तीन-तीनदा दाबू लागले. घंटीवाले शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, तीनदा काहून दाबून राहिले? पहिल्या दाबावर इश्वास नाही का तुमचा?" वकील रागावून निघून गेले, आणि मग मी रागावलो, कारण त्यांच्याकडे दोन टाइपरायटर होते.

लढाई सुरू झाली तसा विलायती माल बंद झाला. बाकीच्या घंटावाल्यांनी दुकानं आवरती घेतली. यांना उलट हुरूप चढला. बटणाचं डोकं शिसवीचं किंवा म्हशीच्या शिंगाचं, खालची बैठक पाटीच्या दगडाची, पट्ट्या पितळेच्या, आणि जिथं पट्टी पट्टीला टेकते तिथं चांदीचा बारीक टिपका, म्हणजे ठिणगीनं जळायला नको. त्या टिपक्यांसाठी त्यांनी स्वतःची चांदीची चुन्याची डबी कापली. डबी संपली तशी तंबाखूही सुटली. वहिनींनी त्या दिवशी देवाला साखर ठेवली.

आणि एक गोष्ट सांगायला हवी. हत्याराला पाय लागणं त्यांना मुळीच खपत नसे. माझा पाय चुकून त्यांच्या कानसीला लागला, तर हातातलं काम टाकून मला वाकायला लावत. गिऱ्हाईकासमोरसुद्धा. मी कुरकुर केली की म्हणत, "ते पोटाले देते गा तुले. वाक."

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्यांच्या मनात एक आकडा रुतून बसला होता, आणि तो मला ठाऊक होता.

गावाबाहेर एका शेठजींची जिन होती. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना. लांबलचक शेड, त्यात चाळीस रेचे, प्रत्येक रेच्यासमोर एक बाई. ती हातानं कापूस सारते, रेच्याचा रूळ तो ओढून घेतो, रुई पलीकडे पडते आणि सरकी खाली. वर एक लांब दांडा फिरत असतो आणि त्यावरच्या पट्ट्यांनी सगळे रेचे चालतात. शेठजींनी इंजिन काढून विजेची मोटर आणली, तेव्हा तिची कळ घंटीवाल्यांनीच बसवली होती. बसवली ती शेडच्या टोकाला, फिटरच्या स्टुलाजवळ. का, तर तार कमी लागली.

पुढच्या हंगामात एका बाईचा हात कापसाबरोबर रुळात गेला. ती किंचाळली. फिटर उठला तो आधी किंकाळीकडे धावला, मग भानावर येऊन उलट कळीकडे. तोवर तिची तीन बोटं गेली.

घंटीवाले तिच्या घरी गेले होते. तिनं डाव्या हातानं चहा दिला. तिथून ते सरळ जिनमध्ये गेले आणि तिच्या रेच्यापासून कळीपर्यंत चालत गेले. चौपन्न पावलं. परत चालत आले. चौपन्नच. दुकानात आल्यावर मला म्हणाले, "तार वाचवली गा म्या." त्यानंतर वर्षभर त्यांनी घराच्या घंटेचं एकही काम घेतलं नाही.

त्या वर्षात जे तयार झालं ते शिंगाचं, लाल रंगवलेलं, भाकरीच्या उंड्याएवढं मोठं बटण. घरच्या बटणाच्या अगदी उलटं. घरचं बटण दाबलं की वीज जुळते. हे एरवी जुळलेलंच असे, आणि दाबलं की तुटे. अशी दहा बटणं त्यांना एकाच तारेत, माळेतल्या मण्यांसारखी ओवायची होती, दर चार रेच्यांमागे एक, खांबावर कमरेच्या उंचीला. कुठलंही एक दाबलं की मोटर बंद. उंदरानं तार कुरतडली तरी मोटर बंद. मी म्हणालो, "भाऊ, मग उंदरापायी जिन बंद पडेल."

"पडू दे. बिघडलं तर थांबलं पाहिजे. बिघडूनही चालत राह्यते त्याले मी हात नाही लावत."

चालू करायचं बटण मात्र एकच. छोटं, काळं, आणि पितळी कपात खोल बसवलेलं. तिथं कोपर पोचत नव्हतं, टोपली पोचत नव्हती. नेमकं एक बोट आत घालावं तेव्हाच ते दाबलं जाई. "थांबवाले वेड्यालाही जमलं पाहिजे," म्हणत, "आणि चालू कराले शहाण्यानंही इचार केला पाहिजे."

शेठजींकडे आम्ही दोघं गेलो. शेठजी माणूस वाईट नव्हता, पण त्याला जिन थांबलेली बघवत नसे.

"चाळीस बायांच्या हाताशी बंद करायचं बटण द्यायचं?" ते म्हणाले. "एकीला तहान लागली, बटण. एकीचं पोरगं रडलं, बटण. फिर काम कौन करेगा?"

"लागली तहान तर पाणी पिऊ द्या न तिले."

"मिस्त्री!"

"शेठजी, कळ चौपन्न पावलांवर आहे. हात सापडते तेव्हा पावलं मोजाले टाइम नसते."

शेवटी शेठजींनी अट घातली. दिवाळीनंतर कापूस सुरू होईल, होळीपर्यंत बघू. बाया फुकट बटणं दाबू लागल्या, किंवा नुसत्या बिघाडानं जिन एकदा जरी थांबली, तर सगळी बटणं उपटायची आणि पुन्हा ती टोकाची कळ. वर असंही म्हणाले, "आणि कोणी दाबलंच नाही, तरी उपटीन. शोभेला ठेवणार नाही." घंटीवाल्यांनी तिन्ही गोष्टी ऐकून घेतल्या आणि कबूल केल्या.

दसऱ्याच्या आधी बटणं खांबांवर चढली. आणि खंडेनवमीला आम्ही ती चूक केली. आम्ही म्हणतो, कारण हार मी आणले होते. त्या दिवशी आपल्याकडे सगळी हत्यारं पुसून मांडतात, पूजा करतात, त्यांना कामाला लावत नाहीत. घंटीवाल्यांनी दहाही बटणांना हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिले, नारळ फोडला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बायाही आल्या होत्या, त्यांनीही रांगेनं कुंकू वाहिलं, डोकं टेकलं. मला तर फार बरं वाटलं. वर्षभराची मेहनत मार्गी लागली, असं मी बोललोसुद्धा.

कापूस सुरू व्हायच्या दिवशी शेठजींनी चाचणी ठेवली. मोटर सुरू झाली, दांडा फिरू लागला. सगळ्यांत पुढे भागरताबाई होती, बोटं गेलेल्या बाईची जाऊ, जिनमधली सगळ्यांत जुनी बाई. घंटीवाले तिला म्हणाले, "बाई, हातात कापूस आहे असं समजा. कोपरानं दाबा."

भागरताबाई जागची हलेना.

"काय झालं वं?"

"त्याले कोपर कसं लावू भाऊ? पूजा झाली न त्याची."

"मग हातानं दाबा."

तिनं आधी हात पदराला पुसले, बटणाला नमस्कार केला, आणि एका बोटानं, गालाला हळद लावावी तशा हलकेपणानं, त्याला स्पर्श केला. मोटर चालूच राहिली. दुसरीनंही तेच केलं. तिसरी तर पुढेच येईना, तिचे पाय मातीनं माखलेले होते. चाळीस बाया त्या लाल गोळ्यांकडे देवीकडे बघावं तशा बघत होत्या. शेठजी हसले. "झाला तुमचा देव, मिस्त्री. आता देवळात न्या."

आता काय करावं लागणार हे घंटीवाल्यांना माझ्या आधी कळलं होतं. त्यांनी कोपऱ्यातल्या रांजणातून तांब्याभर पाणी आणलं आणि भागरताबाईच्या खांबावरचं बटण धुतलं. कुंकवाचं पाणी खांबावरून ओघळलं, तशी बायांत कुजबुज झाली. मग त्यांनी चप्पल पायातच ठेवून माझ्या खांद्याला घट्ट धरलं, कारण पन्नाशीच्या माणसाला कमरेपर्यंत पाय उचलणं काही सोपं नसतं, आणि बटणाला लाथ मारली.

पहिली लाथ खांबाला लागली. दुसरी नेमकी बटणावर.

मोटर थांबली. वरचा दांडा रेच्यांच्या ओझ्यानं दोन-चार गिरक्यांतच गप्प झाला. घंटीवाले पाय खाली टेकून बायांकडे वळले.

"पाप लागलं असंन तर मले लागलं," ते म्हणाले. "तुमच्या वाटचं म्या घेतलं. आता हे तुमचं नोकर आहे. लाथ मारा, धक्का मारा, शिवी द्या. चाला बाई, तुम्ही पयल्या."

भागरताबाईनं त्यांच्याकडे बघितलं. फिटरनं मोटर सुरू केली, तशी तिनं डोळे मिटले आणि गुडघा हाणला. मोटर थांबली. फिटरनं मोटर पुन्हा सुरू केली. पुढची बाई कोपरानं, तिच्या पुढची ढुंगणानं, आणि तिथं कुणीतरी फिसकन हसलं. मग काय, हसू आवरेना. एकीनं टोपली आपटली, एकीनं पाठ रेटली, एका म्हातारीनं तर शेठजींकडे तोंड करून जोरात थोबाडीत मारावी तशी थापड मारली. चाळीस वेळा मोटर थांबली आणि चाळीस वेळा सुरू झाली. शेठजी घड्याळ बघत राहिले.

त्या दिवशी घंटीवाले जेवले नाहीत. दुकानात येऊन त्यांनी आपल्या बाकावरच्या लोखंडी शिकंज्यावर कपाळ टेकलं आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. आपल्या हातून पाप झालं, असं त्यांना खरोखर वाटत होतं. वाटत असूनही त्यांनी ते केलं. मी त्यांना पुष्कळ हसलो आहे, पण त्या दिवशी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो मात्र नाही. मी खडूची रेघ माझ्या बाजूला दोन बोटं सरकवली आणि कामाला लागलो.

हंगाम सुरू झाला. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी जिन बंद असे, तेव्हा ते जाऊन दहाही बटणं उघडून बघत. तिसऱ्या खेपेला एका बटणाच्या डोक्याखाली रुईचे तंतू साचून ते चिकट झालेलं सापडलं. अजून आठवडा गेला असता, तर दाबलेलं वर आलं नसतं आणि शेठजींनी सगळी माळ उपटली असती. ढोलकी मढवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून त्यांनी बकऱ्याच्या पातळ कातड्याच्या गोल टोप्या शिवून आणल्या आणि प्रत्येक बटणाच्या गळ्याशी बांधल्या. त्यानंतर रुई आत गेली नाही. हंगामात जिन एकदाच फुकट थांबली, ती साप निघाला म्हणून. शेठजी म्हणाले, हे धरलं जाईल. घंटीवाले म्हणाले, "मग सापाले इचारा."

पौषात एका सकाळी जिनमधला हमाल धावत दुकानात आला. "जिन बंद पडली, शेठजीनं बलावलं," एवढंच म्हणाला आणि आल्या पावली पळाला. घंटीवाल्यांनी एप्रन न सोडताच सायकल काढली. काय बिघडलं? पट्टी? तार? कातडं? सायकलवर मागे मी, पुढे ते.

शेडमध्ये सगळं शांत होतं. चाळीस रेचे थांबलेले. चौथ्या खांबाजवळ कापसाच्या ढिगावर एक बाई बसली होती. सुभद्रा तिचं नाव, खाप्याकडून यंदाच कामाला आलेली. समोर फुटलेल्या बांगड्या, मनगटापासून कोपरापर्यंत खरचटलेलं, रक्त आलेलं. फिटरनं रूळ हातानं उलटा फिरवून तिचा हात सोडवला होता.

घंटीवाले तिच्यापुढे खाली बसले. तिचा हात आपल्या हातात घेतला आणि मोठ्यानं बोटं मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा पहिल्यापासून मोजली. पाच. मग त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली.

"कोणं दाबलं?" मीच विचारलं.

भागरताबाई अजून कवळाभर कापूस छातीशी धरून उभी होती. तो खाली ठेवायचं तिला सुचलं नव्हतं. "म्या कायले दाबून राहिली भाऊ," ती म्हणाली. "माह्या दोन्ही हातात कापूस. तिची हाक आयकली, अन् मागं रेलली नुसती. पाठ लागली असंन."

शेठजी घड्याळ हातात घेऊन उभेच होते. बाईचा हात शाबूत आहे हे त्यांनी पाहिलं होतं, आणि त्यांनाही बरं वाटलं असावं. बटणं उपटायचं नाव त्यांनी त्या दिवशीही काढलं नाही आणि पुढे कधीही नाही. पण अर्धा तास झाला होता. "चलो, हो गया," ते म्हणाले. "फिटर, चालू कर."

फिटर काळ्या बटणाकडे वळला. घंटीवाले उठले आणि त्याच्या आणि बटणाच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

"तू नको."

"मग कोण?"

"जिचा हात सापडला, ते."

"आणि तिनं नाहीच केलं तर?" शेठजींनी विचारलं.

"तर नाही."

शेठजींनी आजूबाजूला बघितलं. चाळीस बायांतली एकही आपल्या रेच्याकडे गेली नव्हती. फिटर दोन पावलं मागे सरला.

सुभद्रा आधी पाणी प्यायली. मग तिनं भागरताबाईकडून हातावर फडकं बांधून घेतलं. मग खाली बसून, रुईत काच जायला नको म्हणून, बांगड्यांचे तुकडे एकेक करून वेचले आणि पदरात बांधले. उठली, केस सोडले, पुन्हा बांधले, पदर खोचला. काळ्या बटणापाशी येऊन उभी राहिली आणि घंटीवाल्यांकडे बघितलं.

"करू का भाऊ?"

"मले काय इचारतं? तुह्या मनावर आहे."

ती बटणाकडे बघत राहिली. शेठजी, फिटर, मोटर, चाळीस रेचे आणि तेवढ्याच बाया तिच्या एका बोटासाठी थांबल्या होत्या, आणि तिला काही घाई नव्हती.